एकाच बाजूनं वाजलेली कॅसेट

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर सगळी तपकिरी फीत डाव्या चाकावर होती, अगदी सुरुवातीच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत मागे नेलेली. वरच्या लेबलावरची शाई अंगठ्याखाली घासून फिकी पडली होती. मी कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूचं लेबल मात्र तात्यांनी चिकटवलं त्या दिवशीसारखंच होतं, एकही कडा न उचललेलं.

"ह्यांनी सांगितलंय, आवाज दबका येतोय. पुन्हा भरून द्या," हेमाताई म्हणाली. "सोमवारी जाताना न्यायचीय." कॅसेट तिनं काउंटरवर ठेवली होती, पण खांद्यावरची पिशवी खाली ठेवली नव्हती.

एप्रिल १९८९ मधला शनिवार, सकाळचे अकरा. कऱ्हाडला चावडी चौकामागच्या बोळात आमचं दुकान होतं, 'मधुस्वर'. कोऱ्या कॅसेटवर लोकांना हवी ती गाणी भरून द्यायची, हा माझ्या वडलांचा, म्हणजे तात्यांचा धंदा. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणून द्यायचं. तात्या कपाटातून एकेक रेकॉर्ड काढायचे, सुईवरची धूळ फुंकायचे आणि चार दिवसांत कॅसेट तयार ठेवायचे. आमची आई मी नऊ वर्षांची असताना गेली. ताई तेव्हा चौदाची. तिनं मला वाढवलं आणि दुकानही निम्मं तिनंच सांभाळलं. मी पुढं शिकले. त्या एप्रिलात मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि सुट्टीला घरी आले होते.

तात्या यादी वाचून माणूस सांगायचे. त्यांचा तो छंदच होता. ज्याच्या यादीत एकाच आवाजाची बारा गाणी, तो हट्टी. ज्याला सगळ्यातलं थोडं थोडं हवं, तो शब्दाला कच्चा. ढोलकीची गाणी मागणारा घरी हटकून मुका. एकदा तालमीतले एक पैलवान सगळी विरहाची गाणी घेऊन आले, तेव्हा तात्यांनी विचारलं, "हे ऐकून कुस्ती कशी मारता हो?" पैलवान म्हणाले, "मारतोय कुठं तात्या, म्हणून तर ऐकतोय." तात्या आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते.

एम.एस्सी.च्या प्रबंधाला मला विषय हवा होता, आणि तो दुकानात तारेला टोचून ठेवलेलाच होता. जुन्या याद्या तात्या कधी टाकायचे नाहीत. मी चाळीस प्रश्न तयार केले. तुम्हाला राग लवकर येतो का, गर्दीत बरं वाटतं का, दुसऱ्याचं दुःख पाहून त्रास होतो का, असे. एकशे चौसष्ट गिऱ्हाइकांनी ते स्वतःच्या हातानं भरून दिले. मग प्रत्येकाच्या यादीतली गाणी संथ किती, मृदू किती, याचे मी आकडे केले आणि स्वभावाच्या आकड्यांशेजारी मांडले. संथ गाणी आणि शांत स्वभाव यांचा सहसंबंध ०.३१ निघाला.

"म्हणजे संबंध आहे ना?" तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे. ते खरंच होतं. पण ०.३१ म्हणजे शंभरातले जेमतेम दहा भाग समजले आणि नव्वद तसेच राहिले, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तात्या शेजारच्या शिंप्याला बातमी द्यायला बाहेर पडले होते. मीही मागून गेले नाही. तात्यांना माझं कौतुक वाटत होतं. ते मला हवं होतं.

त्याच वर्षी, १९८७च्या फेब्रुवारीत, मुकुंद बेडगकर दुकानात आले. विट्याचे, सरकारी नोकरीत ओव्हरसियर, कामानिमित्त कऱ्हाडला ये-जा असायची. अक्षर कोरीव. यादीत एका बाजूला सहा संथ भावगीतं आणि दुसऱ्या बाजूला सहा भजनं. ती यादी तात्यांनी तारेला टोचली नाही, खिशात ठेवली. तीन आठवड्यांनी बेडगकरांच्याच मावशीकडून ताईसाठी त्यांचं स्थळ आलं, तेव्हा तात्यांनी ती खिशातून काढून माझ्यापुढं धरली. ज्याला इतकी हळू गाणी लागतात, त्याला घाई कसली आणि संताप कसला, असं त्यांचं म्हणणं.

मंडळी बघायला येऊन गेली. ताई स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. ती म्हणाली, "वृंदा, त्यांनी त्यांच्या आईला एकदाही वाक्य पुरं करू दिलं नाही. चारदा ती बोलायला गेली आणि मला असं वाटलं की त्या घरात—"

"अगं, पहिल्यांदा आलेत. अवघडले असतील," मी म्हटलं. मग आत जाऊन प्रबंध आणला आणि सेहेचाळिसाव्या पानावरचा आलेख तिला दाखवला. हात पदराला पुसून ती तो बराच वेळ बघत राहिली. ठिपके डावीकडून उजवीकडं थोडे थोडे वर चढत गेले होते. नीट पाहिलं तर कितीतरी ठिपके भलतीकडंच होते. त्यातल्या एकावर तिनं बोट ठेवलं, पण विचारलं काही नाही.

"तुझं सहसा चुकत नाही," ती म्हणाली.

मे महिन्यात लग्न झालं. बेडगकरांच्या यादीची कॅसेट तात्यांनी आपल्या हातानं भरली आणि आहेरात दिली. तीच ही.

पहिल्या दिवाळीला ताई आली ती वाळलेली. दुसऱ्या दिवाळीला आली तेव्हा तिनं काम करताना गुणगुणायचं सोडलेलं होतं. तात्या म्हणाले, संसारात पडली की माणूस गंभीर होतोच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तात्या, मी थोडे दिवस इथंच—" असं तिनं म्हटलेलं मी ओट्यापाशी ऐकलं. तात्यांनी लगेच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की राहा की, चार दिवस राहा आणि जा, तिकडं त्यांचे जेवणाचे हाल होतात. ती चार दिवस राहिली आणि गेली.

संक्रांतीच्या आठवड्यात तिचं पत्र आलं, तिळगुळाच्या पुडीबरोबर. एरवी दोन पानं लिहिणारी ताई, त्या पत्रात पाच-सहाच ओळी होत्या. शेवटची अशी होती: 'वृंदा, तुझ्या चाळीस प्रश्नांत एक राहून गेला. गाणं कशासाठी लावता, हा.' मी उलट टपाली उत्तर लिहिलं. मुद्दा चांगला आहे, पण हेतू मोजणं अवघड असतं आणि तो वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल, असं. ते पत्र आंतरदेशीय होतं आणि मी त्यात कडेलासुद्धा जागा सोडली नव्हती.

फेब्रुवारीत ताईच्या शेजारच्या बागलवहिनी कऱ्हाडला लग्नाला आल्या होत्या, त्या मुद्दाम दुकान शोधत आल्या. तुमचे जावई लावतात तीच गाणी मला भरून द्या म्हणाल्या. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा लावतात, पण लावली की अख्खी आळी ऐकते, इतका मोठा आवाज. तात्यांनी त्यांना चहा पाजला. मला कोल्हापूरला फोन करून सांगितलं की माणूस ओळखण्यात आपली चूक झाली नाही.

तर त्या शनिवारी कॅसेट काउंटरवर होती, आणि तात्या खुशीत होते.

"दोन वर्षांत झिजवली," ते म्हणाले. "ह्याला रसिक म्हणतात."

मी ती दुकानातल्या डेकवर लावली. गाणं पांघरुणाखालून यावं तसं आलं. झांजेची किणकिण अजिबात नव्हती, आणि 'स' कुठला नि 'श' कुठला ते कळत नव्हतं. मग बाजू उलटली. भजनातले टाळ असे लख्ख वाजले की तात्यांनी दचकून आवाज कमी केला.

कारण समजायला वेळ लागला नाही. टेपच्या हेडात चुंबक चढला की प्रत्येक वेळी वाजवताना तो फितीवरचे वरचे बारीक सूर थोडेथोडे पुसत जातो. कॅसेटच्या दोन बाजू एकाच फितीवर वरखाली असतात. जी वाजते तेवढीच पुसली जाते. मी ते ताईला समजावून सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की हे विचित्र आहे.

"दुसरी बाजू कधी लावलीच नाही?" मी विचारलं.

"नाही."

"दोन वर्षांत एकदाही नाही?"

ताईऐवजी तात्याच बोलले. त्या बाजूला भजनं आहेत, ती एकादशीला ऐकायची, रोज कोण ऐकतं. मला मात्र गणित सुचलं होतं. एका जुन्या यादीच्या पाठीवर मी मांडलं: बागलवहिनींच्या सांगण्याप्रमाणं आठवड्याला दोनतीनदा, लग्नाला झाले शंभरेक आठवडे, माहेरी आलेले दिवस वजा. फीत इतकी पुसायला तेवढं लागणारच.

"दोनशे चाळीसच्या आसपास," मी म्हटलं. उत्तर जुळल्याचं समाधान माझ्या आवाजात होतं. ते मला अजून ऐकू येतं.

"असेल," ताई म्हणाली. "मी मोजायचं सोडून दिलं."

तात्या हसले. मग ते कामाला लागले. कपाटातून पहिल्या गाण्याची रेकॉर्ड काढली, रेशमी फडक्यानं पुसली, नवी कोरी कॅसेट डेकमध्ये घातली. लाल दिवा लागला आणि गाणं सुरू झालं.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. पहिलं गाणं भरताना गिऱ्हाइकाच्या कानाला हेडफोन लावायचा, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय पुढचं भरायचं नाही. गिऱ्हाईक समोर नसेल तर लग्नाआधी ते काम ताईचं असे. डावा नि उजवा यांतला कुठला आवाज कमी आहे, हे मला मीटरच्या काट्यावरून कळायचं. ताईला नुसतं ऐकून कळायचं, आणि काट्याच्या आधी कळायचं. मोठ्या शहरातून एक रेकॉर्डिंगवाले आले होते, ते म्हणाले होते की ही मुलगी आम्हाला द्या. तात्यांनी ते शिंप्यालाही सांगितलं होतं.

"हेमा, ऐक बरं. तू 'हो' म्हटलंस की झालं," तात्या म्हणाले आणि त्यांनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती.

तिनं थोडा वेळ ऐकलं.

"डावीकडं येत नाही," ती म्हणाली.

तात्यांनी काट्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हेमा म्हणते म्हणजे नाहीच येत. त्यांनी हेडफोन काढून घेतला, वायर चाचपली, वाकडी करून पाहिली. कालपर्यंत बरा होता, उंदरानं कुरतडली असेल, असं पुटपुटत डाव्या बाजूचे दोन स्क्रू काढले आणि वायर जोडायची डागणी तापत ठेवली. मी काटे बघत होते. दोन्ही सारखे हलत होते. हेडफोनचा दोष काट्यावर दिसत नाही, म्हणून मी काही बोलले नाही. राळेचा वास दुकानभर पसरला. चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून तात्यांनी तो सांधा नव्यानं जोडला. त्यांचा हात तेव्हाही स्थिर असे. सगळं पुन्हा बसवून त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"आता?"

"नाही, तात्या."

तात्यांनी तो स्वतःला लावला. डोळे मिटले. त्यांचं डोकं तालात हललं आणि मग हलायचं थांबलं. त्यांनी तो काढून मला दिला. मी ऐकलं. डावीकडं आवाज होता, उजवीकडंही होता, अगदी बरोबरीनं.

तात्या हेडफोन हातात धरून उभे होते. मग त्यांनी तो उलटा करून ताईच्या डोक्यावर बसवला. नव्यानं जोडलेली डावी बाजू आता तिच्या उजव्या कानावर आली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता येतंय."

"कुठल्या कानात?"

तिनं उजव्या कानाला बोट लावलं. डाव्या कानात मोत्याची कुडी होती, आईची. तिच्यामागची पाळी काळसर दिसत होती. इतका वेळ ती समोर उभी होती आणि मी फीत बघत होते.

तात्या स्टुलावर बसले. ताईनं हेडफोन काढला तेव्हा त्यातून गाणं बारीक, चिलटासारखं ऐकू येत राहिलं. तात्या बोलायला लागले, खूप भरभर. न्हाताना पाणी गेलं असेल. नाहीतर सर्दीनं दडा बसला असेल, बसतो असा कधीकधी. पडलीबिडली होतीस का कुठं न्हाणीत, आपण दुपारीच डॉक्टरांकडं—

मलाही विचारायचं होतं. केव्हापासून, किती कमी, आवाज होतो का आत. प्रश्न ओळीनं तयार होते माझ्याकडं, चाळीस झाले असते. मी ते गिळले आणि तात्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"तात्या," मी म्हटलं, "तिला पुरं बोलू द्या."

ताईनं आमच्याकडं पाहिलं, आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं. हात लांब करून तिनं डेकचं बटण दाबलं. लाल दिवा गेला आणि गाणं अर्ध्यात तुटलं. मग तिनं पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर, काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवली.

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी कानावर फटका बसला," ती म्हणाली. "त्याच्या आधीचे नुसते वळ असायचे. ते ब्लाउजखाली झाकतात."

तिनं काउंटरवरची जुनी कॅसेट आपल्यापुढं ओढली.

"आधी दार लावतात. मग कॅसेट लावतात, मग आवाज मोठा करतात. हल्ली तो दबका येतो, बाहेरपर्यंत जात नाही, म्हणून भरायला पाठवलीय. बागलवहिनींना गाणी आवडतात. एक बाजू तीस मिनिटांची असते, वृंदा. तेवढी पुरते. संपली की ते स्वतः मागे फिरवून ठेवतात, आणि चहा मागतात."

यादीच्या पाठीवरचा माझा आकडा काउंटरवर उताणा पडला होता. मी तो उपडा करायला हवा होता, पण एक हात तात्यांच्या मनगटावर होता आणि दुसरा हलत नव्हता.

ताई थांबली. एरवी ती अशी थांबली की आम्ही दोघांपैकी कोणीतरी बोलायचोच. तात्यांचे ओठ हलले. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी जोरात उडत होती. बोळातून एक हातगाडी गेली, तिचं करकरणारं चाक कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं, मग तेही थांबलं. ताई अजून वाट बघत होती, आम्ही मध्ये काही बोलतो का त्याची. तिनं मान किंचित वळवली होती, उजवा कान आमच्याकडं करून.

आम्ही काही बोललो नाही.

"मी विट्याला परत जाणार नाही," ती म्हणाली.